ऐकणारा चेहरा

नवी मुंबई बघायला कोणी जात नाही. लोक तिथे नोकरीला जातात, भाचीच्या बारशाला जातात, फ्लॅटचं बुकिंग करायला जातात. मी गेले ती एका मैत्रिणीचं कुठे चुकतंय ते बघायला. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे खाडी, रोहित पक्षी आणि तांदळाची भाकरी येईल तेव्हा ही बाई मोकळ्या मनाने हिंडत होती असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

मैत्रीण म्हणजे कुंदा. मिरजेत आम्ही दोघी एकाच गुरुजींकडे सतार शिकलो. मी पहिली आणि ती दुसरी, हे इतकं ठरलेलं होतं की गुरुजी रागावले तरी "कुंदा, विजयाचा हात बघ" एवढंच म्हणायचे. पुढे ती लग्न होऊन ऐरोलीला गेली. मी मिरजेतच राहिले, मुलींच्या शाळेत संगीत शिकवायला लागले. शनिवारी मोठ्या वर्गातल्या मुलींना प्रयोगशाळेत बसवून सिनेमात चित्र आणि संगीत एकमेकांशी कसं वागतं तेही सांगते. पडदा म्हणजे भिंत, आणि भिंतीला ओल.

आणि कुंदा? जिला सतारीवर शेवटचा, जलद लयीतला झाला वाजवताना हमखास घाम फुटायचा ती कुंदा एका कॉलेजच्या माध्यम विभागात हाच विषय शिकवायला लागली आणि नावारूपाला आली. तिचे व्हिडिओ माझी पुण्याची भाची मलाच पाठवायची. "मावशी, ही तुझी मैत्रीण ना? काय भारी शिकवते गं!" मी खाली एक अंगठा टाकायचे आणि फोन पालथा ठेवायचे.

जानेवारीत कुंदाचा फोन आला. "विजे, जूनपासून माझ्याबरोबर शिकवायला ये. कॉलेज तयार आहे, मी बोललेय. आधी चार दिवस येऊन वर्ग बघून जा आणि निघताना हो की नाही ते सांग."

असा वर्ग मिळावा म्हणून मी किती वर्षं झुरले ते माझं मला माहीत. आणि तो आता मिळणार होता कुंदाच्या हातून, कुंदाच्या शेजारी, दुसऱ्या खुर्चीवर. "बघते," म्हटलं. फेब्रुवारीत शाळेतून रजा घेतली आणि जाताना मुद्दाम सतार बरोबर घेतली. वाजवणारी कोण होती हे ऐरोलीला कळायला नको?

ऐरोली, सेक्टर आठ

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. बसमध्ये सतार मांडीवर होती आणि पुढच्या सीटवरचा माणूस घोरत होता. वाशीला उतरून रिक्षावाल्याला सांगितलं, "सेक्टर आठ." त्याने बरोबर सेक्टर आठमध्ये सोडलं. बिल्डिंगचं नाव मिळेना. भाजीवाल्याला विचारलं, वॉचमनला विचारलं, एका आजोबांनी तर मला मारुतीच्या देवळापर्यंत नेलं. शेवटी दुसऱ्या रिक्षावाल्याने उलगडा केला.

"मावशी, नोड सांगायचा ना आधी. सेक्टर आठ कोपरखैरण्याला पण आहे, नेरूळला पण आहे. तुमाला ऐरोली पायजे, हे वाशी आहे."

या शहरात वस्तीला नोड म्हणतात आणि प्रत्येक नोडचे सेक्टर पुन्हा एकपासून सुरू होतात. आमच्या मिरजेत पत्ता सांगायचा तर तालमीच्या मागे, डॉक्टरांच्या समोर, जिथे पूर्वी पिठाची गिरणी होती तिथे, असा सांगतात. चुकायची सोय नसते, कारण चुकलात तर कोणीतरी घरी आणून सोडतं.

कुंदाच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने माझा फोटो काढला आणि सतारीच्या गवसणीला हात लावून बघितलं. "ह्यात काय आहे, ताई?"

"भोपळा," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

कुंदा तोवर कॉलेजला निघून गेली होती. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. माधवराव सेवानिवृत्त आहेत. त्यांनी आल्याचा चहा केला, पोहे गरम केले, आणि खिडकीतून खाडी दाखवली. लांबवर मुलुंडला जाणारा पूल, अलीकडे खारफुटी, आणि चिखलाच्या कडेला गुलाबी रेघ. "रोहित आलेत यंदा भरपूर," ते म्हणाले. "कुंदाला सकाळी इथे बसून चहा लागतो. मी करतो, तिला वर्गाची तयारी असते ना."

माझ्या घरात चहा मीच करते आणि खिडकीतून शेजाऱ्यांची टाकी दिसते. पोहे चांगले होते, पण मला ते नीट गेले नाहीत.

कॉलेज जवळच होतं. मी पोचले तेव्हा वर्ग सुरू झालेला. मागच्या दाराने आत शिरले आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. अंधारी खोली, पायऱ्यापायऱ्यांच्या मऊ खुर्च्या, भिंतभर पडदा, आणि चारी कोपऱ्यांत स्पीकर. स्पीकरवरून माझी नजर हलेना. आमच्या शाळेत एक स्पीकर आहे, तो गॅदरिंगला तंबूवाल्याकडून येतो. पुढे कुंदा बोलत होती. केस पिकलेत, पण शोभतात. साडी हातमागाची. आवाज तोच, जरासा चिरका, आणि पन्नास मुलं त्या चिरक्या आवाजाकडे तोंड करून बसलेली. काहीतरी गोष्ट सांगत असावी. अचानक सगळा वर्ग खळखळून हसला. माझ्या वर्गात मुली अशा कधी हसल्या नाहीत. त्या छान वह्या लिहितात.

मग तिने पडद्यावर एक तुकडा लावला, आवाज बंद करून. एक माणूस जिना चढतोय, बस. तिने अर्धा वर्ग बाहेर काढला आणि आतल्यांना तोच तुकडा खाली घुमणारा एक सूर लावून दाखवला. मग आतले बाहेर, बाहेरचे आत, आणि यावेळी ढोलकी. नंतर सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, हा माणूस कोण? निम्मे म्हणाले चोर. निम्मे म्हणाले लग्नाला उशीर झालेला नवरदेव. आणि मग जी जुंपली! आपण वेगवेगळे तुकडे बघितले अशी दोन्ही बाजूंची खात्री.

 हा खेळ माझा होता. मिरजेत दुपारी रियाज झाला की आम्ही आमच्या घराच्या ओट्यावर बसायचो. रस्त्याने कोणी चाललं की मी त्याच्या पाठीमागे सतार छेडायचे. खर्जातली तार ओढली की पोस्टमन चोर व्हायचा, वर जाऊन दोन बोल टाकले की तोच पोस्टमन नवरदेव. कुंदा हसून हसून लोळायची. आणि आता ती त्याच खेळावर टाळ्या घेत होती, चार स्पीकर लावून.

वर्ग सुटल्यावर ती धावत आली, मला मिठी मारली. "कसं वाटलं गं?"

"स्पीकर चांगले आहेत," मी म्हटलं. जूनचं उत्तर मनात त्याच क्षणी ठरलं होतं. नाही.

मारवा

दुसऱ्या दिवसापासून मुलांचं काम बघायचं होतं. कुंदाने प्रत्येकाला एकच गोष्ट चित्रित करायला सांगितली होती: ऐकणारा चेहरा. बोलणारा नाही, रडणारा नाही. काहीतरी ऐकत असलेल्या माणसाचा अर्ध्या मिनिटाचा चेहरा, आणि तो माणूस काय ऐकतोय ते वर्गाला सांगायचं नाही. तुकडा आधी मुका दाखवायचा. मग त्याला वेगवेगळे आवाज लावून बघायचे. शेवटचा आवाज कोणता, हे ज्याचा चेहरा तो ठरवणार. तो हजर नसला तर ज्याने टिपला तो. त्यामुळे वर्गातली मुलं दिवसभर फोन उभा धरून हिंडायची. कॅन्टीनमध्ये, जिन्यात, वर्ग चालू असतानाही. मला ते उद्धटपणाचं वाटलं, आणि तसं मी माधवरावांना बोलूनही दाखवलं.

पहिला तुकडा दर्शना घरतचा. उलव्याच्या बाजूच्या आगरी गावातली मुलगी, ठसठशीत, हसरी. पडद्यावर एक पन्नाशीचा माणूस गच्चीच्या कठड्याला टेकून उभा. मागे अर्धवट बांधलेले टॉवर, त्यांच्यामधून उतरतं विमान, आणि मावळतीचं ऊन. तो मान जरा कलती करून लांबवर कान देत होता.

"विजया, तू लाव ना काहीतरी," कुंदा म्हणाली. "सतार आणलीच आहेस."

हीच तर वेळ होती. मी पुढे जाऊन बसले, नखी चढवली. मागून एक मुलगा ओरडला, "मॅडम, चोर करून दाखवा ना!" दिघ्याचा ओंकार तो. घरचे साताऱ्याकडचे, बाप कंपनीत.  म्हणजे माझे शब्दसुद्धा हिने उचलले होते! मी त्याच्याकडे न बघता तारा जुळवल्या.

संध्याकाळ दिसली की माझी बोटं आपोआप मारव्याकडे जातात. मी मनात जमीन बघितली, गेलेली मिठागरं बघितली, विमानतळाने गिळलेलं गाव बघितलं, आणि मारव्याची एक गत अशी काही उचलली की स्वतःच्याच अंगावर काटा आला. चांगली वाजवली. हे मी आजही म्हणेन. तबला नव्हता, पण ताल डोक्यात चालूच असतो. आवर्तन रंगात आलं, आणि तुकडा संपला. पडदा काळा झाला. आता सम सोडून मध्येच कसं थांबायचं? तीस वर्षांची सवय आहे, हात ऐकतच नाही. मी काळ्या पडद्याला वाजवत राहिले, मात्रा भरल्या, थाटात समेवर आले आणि मान वर केली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्याला वाजवतात तशा. दर्शनाने हात वर केला.

"मॅडम, सॉरी हां. लय भारी वाजवलात. पन त्यो माजा बापूस हाय, आनि त्यो कय दुखी-बिखी नाय. भावाची हलद हाय ना, त्यो बँडवाल्याची वाट बगतो. सुपारी घ्यायला येतो बोलला नि दोन तास झाले तरी त्याचा पत्ता नाय. गाडीचा आवाज येतो काय ते ऐकतो त्यो."

वर्ग हसला. कुंदा हसली नाही, तेवढं मानलं पाहिजे. तिने फोनवरून एकच आवाज लावला: खूप लांबून, विरत विरत येणारा ढोल. एक ठोका, मग काहीच नाही. मग पुन्हा एक. पडद्यावरच्या माणसाने मान कलती केली, आणि खरंच सांगते, तो चिडका, लाघवी, वरबाप दिसायला लागला. ढोल थांबला तेव्हा तुकडा अजून चालू होता. तिने त्या माणसाला रिकामं ऐकू दिलं.

जिला झाला जमत नव्हता तिला थांबता येत होतं. रात्रभर मला ते टोचत राहिलं. अंथरुणावर पडल्यापडल्या मी त्या तुकड्याला मारव्यापेक्षा चांगलं काय लावता आलं असतं ते शोधत होते, आणि तो ढोलच सुचत होता.

उलव्याजवळ हळद

दर्शनाने सगळ्या वर्गालाच हळदीचं आमंत्रण दिलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी माधवरावांच्या गाडीतून आम्ही निघालो. डाव्या हाताला इमारती, उजवीकडे खाजणाची दलदल, मग खाडीवरचा पूल, आणि पलीकडे क्रेनच क्रेन. उलव्यात निम्म्या इमारतींना माणसं यायची आहेत. बाल्कनीत दोरी बांधलेली, पण कपडे नाहीत. त्या टॉवरांच्या पायाशी अचानक गल्ली अरुंद होते, कौलं दिसतात, मासळीचा वास येतो, आणि गाव लागतं.

मांडवात दर्शनाचे वडील भेटले, पडद्यावर होते तसेच, फक्त अंगावर नवा कोरा पांढरा सदरा. त्यांनी आम्हाला थेट पानावरच बसवलं. "बसा बाय, जेवल्याबिगर जावाचा नाय." आमच्याकडे हळदीला वरणभात, फार तर शिरा. इथे मटणाचा रस्सा, वडे, आणि लुसलुशीत तांदळाची भाकरी, जी मी कागदासारखी अलगद उचलली आणि दुसरीही घेतली. रस्सा आमच्या तांबड्याइतका तिखट नव्हता. मी तसं म्हटलं तर वाढणाऱ्या काकूंनी आणखी एक पळी वाढली, जणू जास्त खाल्ल्याने तो तिखट होईल.

बँडवाला अखेर मिळाला होता. त्याचे भोंगे बाहेर असे ठोकत होते की पाणी पेल्यात थरथरत होतं. आत, आमच्या पानांसमोरच्या ओसरीवर, वेगळंच चाललं होतं. नवरदेवाला पाटावर बसवलेलं आणि शेजारी एक म्हातारी बाई, कपाळभर कुंकू, डोळे मिटून धवळे म्हणत होती. या लोकांत लग्नाचे विधी या धवलारणीच्या गाण्याने होतात. ती गाते आणि विधी पुढे सरकतो. तिच्यामागे ना पेटी ना ताल. बाहेरच्या भोंग्यांनी तिचा शब्द ऐकू येत नव्हता, फक्त ओठ हलताना दिसत होते.

दर्शना फोन धरून उभी होती. "मॅडम, हिचा आवाजच नाय येत. नंतर स्टुडिओत वेगला रेकॉर्ड करून टाकू काय?"

मी लगेच सुरू केलं, की हो, तिच्या गाण्याला मागून तंबोऱ्याचा सूर दे, म्हणजे पावित्र्य येईल. कुंदा म्हणाली, "थांब जरा. आत्ता तुला काय दिसतंय?"

"तोंड हलतंय, पन ऐकू नाय येत."

"मग लोकांनाही तेच ऐकव. त्यांनी पुढे वाकून ऐकायला पाहिजे."

तेवढ्यात बाहेरचं गाणं संपलं. पुढचं लागायच्या आधीच्या त्या फटीत म्हातारीचा आवाज एकदम उघडा पडला. कापरा, जाड, खारट. नवरदेवाने मान वर केली. दर्शनाचा हात हलला नाही. आणि पुन्हा भोंगे सुरू.

दर्शनाने वळून कुंदाकडे बघितलं, अगदी भारावून. माझ्याकडे कोणी विद्यार्थिनीने तसं बघितलेलं नाही. तीस वर्षांत मी शेकडो मुली परीक्षेला बसवल्या, पास केल्या. पण तसं नाही बघितलं कोणी. मला त्या क्षणी कुंदाचा इतका राग आला की तिचा पदर रश्श्यात बुडत होता तरी मी सांगितलं नाही.

परतताना गाडीत ती डागावर पाणी लावत म्हणाली, "उद्या सांगणार ना, जूनचं?"

"उद्या," मी म्हटलं. सकाळी चहा घेता घेता सांगायचं, थंडपणे, असं वाक्य मी जुळवून ठेवलं होतं. घर आहे, शाळा आहे, जमणार नाही.

ओंकारचा तुकडा

सकाळी चहाला कुंदा नव्हतीच, लवकर गेली होती. म्हणून उत्तर वर्गानंतर द्यायचं ठरवून मी बॅग भरली आणि कॉलेजला गेले. शेवटचा दिवस, राहिलेले तुकडे. मी यावेळी पहिल्या रांगेत बसले.

ओंकारची पाळी आली. तो फोन जोडता जोडता म्हणाला, "मॅडम, मी परमिशन नाय घेतली, सॉरी." मला वाटलं कुंदाला म्हणतोय.

पडद्यावर मी होते.

मागच्या दाराच्या उजेडात, भिंतीला टेकून, पहिल्या दिवशीची. सहा हात रुंद चेहरा, आवाज बंद. आपला चेहरा आपण आरशात बघतो तेव्हा त्याला आधीच नीट करून घेतलेलं असतं. हा नीट केलेला नव्हता. डोळे वर कोपऱ्यात स्पीकरकडे, मग खुर्च्यांवर, मग समोर. ओठ आवळलेले. आणि मध्येच उजवा गाल असा ओढला गेला, कोणी चिमटा काढावा तसा.

"काय दिसतं?" कुंदाने विचारलं. तिलाही हे नवीन होतं, तिचा आवाज सावध झाला होता.

"मॅडम विचार करतायत," कोणीतरी म्हणालं. मुलं सभ्य होती.

तिने बासरी लावली. "मॅडमना मैत्रिणीचा अभिमान वाटतोय," असं आलं. तिने खर्जातला सूर लावला. "आता खून होणार," मागून आवाज आला आणि सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. मग तिने पुन्हा मुका लावला. हसू ओसरलं. पडद्यावरचा गाल पुन्हा ओढला गेला.

दर्शना हळूच म्हणाली, "मॅडम, खरं बोलू? शालेत माजा पयला नंबर असायचा. एका वर्षी गेला. तवा आयसने फोटो काडला होता. त्यात माजा तोंड असाच हाय."

कोणी हसलं नाही.  कुंदा पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मग तिने रिमोट माझ्यापुढे धरला. "चेहरा हजर आहे. शेवटचा आवाज तू सांग, विजे."

मी राग शोधला. तोडी नको, मारवा तर नकोच. या बाईला कोणताही सूर लावला तरी ती लपणार आणि खोटी दिसणार, एवढं या चार दिवसांत मला कळलं होतं. "जो होता तोच ठेव," मी म्हटलं. "खोलीतला."

ओंकारने आवाज सोडला. पंख्याची घरघर आली, आणि तिच्या मागून कुंदाचा चिरका आवाज:

"...तर हा खेळ माझा नाही बरं का. मिरजेला माझी मैत्रीण आहे, विजया. आमच्यात खरी वाजवणारी ती. ओट्यावर बसून ती रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनच्या मागे सतार छेडायची. खर्ज लावला की पोस्टमन चोर, वर गेली की नवरदेव. एकदा तो बिचारा तिची सतार ऐकून खरंच घाबरला आणि सगळ्या गल्लीची पत्रं तिच्या ओट्यावर टाकून पळाला!"

आणि वर्ग खळखळून हसला. तो हसला त्याच क्षणी पडद्यावर माझा गाल ओढला गेला.

ऐकणारा चेहरा म्हणून ओंकारने तो टिपला होता. मी तिथे उभी राहून एक अक्षर ऐकलं नव्हतं. ज्या हसण्याने माझा जळफळाट झाला ते माझ्याच गोष्टीवरचं होतं, आणि "चोर करून दाखवा" म्हणणारा तो पोरगा मला मान देत होता.

 मग मी हसले. अगदी खरं, पोटातून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मुलांनी माझ्या मागून हसायला सुरुवात केली, जरा घाबरतच.

वर्गानंतर आम्ही खाडीच्या कडेला चालत गेलो. ओहोटी होती. रोहित चिखलात माना घालून उभे होते, जवळून बघितले तर गुलाबीपेक्षा मळकेच जास्त. 

"ऐकलं नव्हतंस तू," कुंदा म्हणाली.

"स्पीकर बघत होते."

"ते तोंड माझ्या ओळखीचं आहे, विजे. मिरजेत ते मीच घालून फिरायचे, तुझ्या शेजारी. 'विजयाचा हात बघ.' बघून बघून डोळे फुटायची वेळ आली होती. ऐरोलीला आले आणि पहिलं काय केलं असेल तर सतार माळ्यावर टाकली." तिने डाव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली. घट्टा पार गेलेला, बोटं मऊ. माझ्या बोटांवरच्या रेघा अजून काळ्या आहेत. तिने त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर क्षणभर तेच आलं, गाल ओढला गेल्यासारखं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"मग? जूनचं?" तिने विचारलं.

जुळवलेलं वाक्य तोंडाशी होतं. घर, शाळा, जमणार नाही.

"येते," मी म्हटलं. "पण चोर मी शिकवणार. नवरदेव तू घे."

मिरज

परत आल्यावर ओंकारकडून तो तुकडा मागवून घेतला. शनिवारी प्रयोगशाळेतल्या ओल्या भिंतीवर मुलींना दाखवला, आधी मुका. आमच्या मुली जपून बोलतात. एक म्हणाली, "बाई, तुम्हाला ऊन लागलंय." दुसरी म्हणाली, "बाईंची दाढ दुखतीय." मी त्यांना रिकामं बघू दिलं. शेवटी खिडकीशी बसणारी, कधी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही जळताय कुणावर तरी."

"शाब्बास," मी म्हटलं आणि आवाज लावला.

फोनचाच आवाज, बारीक, पण पुरेसा. चोर झाला, नवरदेव झाला, पोस्टमन पत्रं टाकून पळाला, आणि माझा वर्ग हसला. वह्या बंद करून, बाकावर हात आपटत, एकमेकींच्या अंगावर पडत हसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पुढे उभी होते, गोष्ट माझी होती, पोस्टमनही माझाच.

सांगत मात्र कुंदा होती. माझा गाल ओढला गेला तो मला न बघता कळला.